मागच्या खोलीतलं उत्तर

माझं काम काय ते कळलं की लोक हसायचं थांबतात. रस्ता, रेल्वे, पूल, सरकारला जे काही बांधायचं असेल त्याच्या वाटेत येणारी जमीन आणि घरं ताब्यात घ्यायची, आणि ते काम नीट होतंय ना यावर देखरेख ठेवायची. आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "हिने नुसतं बघितलं तरी भिंतीला तडा जातो." सांगू देत. शिव्या खाल्ल्या, शाप खाल्ले, एकदा अंगावर कुत्रं सोडलेलंही निभावून नेलं. त्यामुळे मी घाबरट नाही आणि भोळीही नाही. खाली सांगते त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

नव्या रेल्वेमार्गाचं काम होतं. मार्ग गावाच्या कडेने जायचा होता आणि एका गल्लीच्या टोकाशी असलेल्या बैठ्या घराची फक्त मागची खोली त्यात जात होती. पुढे सायकल दुरुस्तीचं बंद पडलेलं दुकान, मग बसायची खोली, स्वयंपाकघर, आणि शेवटी ही खोली. आमचा मोजणीदार फार काटेकोर माणूस, कंबरेला कायम टेप, म्हणून सगळे त्याला टेपराव म्हणतात. त्याने स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्यालगत जमिनीवर लाल रंगाची रेघ मारली आणि ती भिंतींवर चढवत छपरापर्यंत नेली. रेघेच्या अलीकडचं घर मालकाचं, पलीकडचं रेल्वेचं.

वर्षअखेर होती. वर्षअखेरीला आमच्या खात्यात एक रीत आहे, ती बाहेर कोणी बोलत नाही. माणसं अजून घरात राहत असतात, आत चहा उकळत असतो, आणि आम्ही कागदावर 'ताबा घेतला' असं लिहून मोकळे होतो. वरच्यांना काम पुढे सरकलेलं दाखवायचं असतं. माणसं मग सावकाश निघतात, कोणाचं काही बिघडत नाही. या खोलीचा ताबाही असाच घेतला. आत पलंगावर घरमालक काका झोपलेले होते. ते तिथे होते आणि कायद्याने त्या दिवसापासून ती खोली रेल्वेची होती. साहेब खूश होऊन म्हणाले, "चला, कागदावर रूळ पडले!"

नंतर महिन्याभराने मी खरा ताबा कधी देता ते विचारायला गेले. काकूंनी दार उघडलं. ठेंगण्या, ताठ, चष्म्याला दोरी लावलेल्या. काका कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेले, अर्धं अंग गेलेलं, हे मला माहीत होतं. मुलंबाळं नाहीत.

"खोली न्या हो, आमची काही हरकत नाही," काकू म्हणाल्या. "फक्त जरा थांबा. हे प्रवासात आहेत."

"कोण?"

"कोण म्हणजे? आमचे हे."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं बिचारीचं. पण तोंडावर कसं म्हणणार? मी त्यांच्या मागोमाग आत गेले.

खोली लहान. पलंग, औषधांचं स्टूल, भिंतीला एक कपाट, आणि पलंगाला लागून खिडकी. खिडकीबाहेर हात लांब केला तर टेकेल इतक्या अंतरावर शेजारच्या गोदामाची बिनखिडक्यांची भिंत. काका उशीला टेकून त्या भिंतीकडे बघत होते. नुसते बघत नव्हते. त्यांची नजर एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकायची, मग झटक्यात परत यायची, पुन्हा सरकायची. धावत्या गाडीतून बाहेर बघणाऱ्या माणसाचे डोळे असेच हलतात.

"अहो," काकू मोठ्याने म्हणाल्या, "रेल्वेच्या बाई आल्यात."

काका काही बोलले नाहीत. मी बोलायला तोंड उघडलं तशी काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"मध्ये बोलू नका. उत्तर वाटेत असतं."

काकूंनी सगळी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत लांबचे फोन जोडण्यात काढली होती. पूर्वी फार लांबचा फोन लागला की आपलं वाक्य तिकडे पोचून तिकडचं इकडे यायला वेळ लागायचा. धीर न धरणारे लोक मध्येच "हॅलो, हॅलो" करायचे आणि दोन्हीकडचे आवाज एकमेकांवर आपटायचे. "मी सगळ्यांना सांगायची, बोलायचं आणि गप्प बसायचं," काकू म्हणाल्या. "तेच आता घरात करतेय."

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन चहा घेतला. पाडापाडीच्या वेळी धूळ किती उडेल, पुढच्या भागाला नवी भिंत कोण बांधून देईल, असलं मी समजावत होते. कपबशा विसळून झाल्या होत्या तेव्हा मागच्या खोलीतून काकांचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत.

"नमस्कार बाई! या, बसा की. जागा आहे."

मी उठून दारात गेले. काका भिंतीकडेच बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खिडकीकडचा त्यांचा गाल आणि हात उन्हाने रापलेला आहे. दुसरा गाल वर्षानुवर्षं घरात पडून असलेल्या माणसाचा असावा तसा पांढराफटक. त्या खिडकीतून ऊन येणं शक्य नव्हतं. मी वाकून वर बघितलं, आकाशाची चिंधीसुद्धा दिसत नव्हती.

"कधीपासून हे?"

"तुमच्या माणसाने ती रेघ मारली, त्यानंतर लवकरच. एका सकाळी मला म्हणाले, 'गाडी हलली गं.'" काकूंनी पदराने चष्मा पुसला. "पहिल्यांदा लगेच बोलायचे. आता लांब गेलेत."

डॉक्टर येऊन गेले होते. मेंदूचं काही सांगता येत नाही, असं म्हणाले. म्हणजे त्यांनाही काही सांगता येत नव्हतं.

कामाच्या दृष्टीने मला तिथे पुन्हा जायची गरज नव्हती. पण माझी खोड अशी, की एखादी गोष्ट कळली नाही की जेवण गोड लागत नाही. मी दोन दिवसांनी गेले, मग पुन्हा गेले. एकदा काकांच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, बाहेर काय दिसतंय?" आणि गल्लीतली बाकीची कामं करायला निघून गेले. दुपारी परत आले तर काकू दारातच उभ्या होत्या.

"लवकर या, तुमचं येईल आता."

आलं. "आत्ता पूल गेला. लांबलचक आहे, खाली पाणी कमी. दोन बायका कपडे धूत होत्या, एकीने हात केला. आता डोंगर जवळ येतोय. बोगदा आहे वाटतं, काच लावून घ्या बाई."

काच लावून घ्या! मी हसले, पण हसू पुरं झालं नाही.

टेपराव माझ्याबरोबर होता. त्याने काही न बोलता पिशवीतून मार्गाचा नकाशा काढला, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरला. आधी गोदामांची रांग, मग डावीकडचं मोठं वळण, मग नदीवरचा पूल, मग बोगदा. काकू गेल्या महिन्यात काका काय काय म्हणाले ते सांगत गेल्या आणि टेपरावचं बोट नकाशावर पुढे पुढे सरकत गेलं. एकही गोष्ट चुकली नाही, मागची पुढे झाली नाही.

"मॅडम," टेपराव हळूच म्हणाला, "वळणाचा भाग तर आपण अजून कोणालाच दाखवलेला नाही. गेल्या आठवड्यात बदलला."

"मग?"

"मग काही नाही. मी आपलं सांगितलं." आणि त्याने उंबऱ्यापलीकडे गेलेला पाय उचलून लाल रेघेच्या अलीकडे घेतला. मला दिसलं ते.

रात्री जेवताना मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपरात डोकं घालून बसलेले. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" बराच वेळ काही नाही. मग पान उलटून म्हणाले, "हं? काय म्हणालीस?" आमच्याकडे लाल रेघ न मारताच हे चालतं. पण खरं सांगते, त्या रात्री मला त्याचाही राग आला नाही. उत्तर आलं, याचंच बरं वाटलं.

काकूंना मात्र राग येत होता, आणि त्या तो लपवत नव्हत्या. "आयुष्यभर दुकान एके दुकान. मी म्हणायची, चला कुठेतरी, निदान पुढच्या गावापर्यंत तरी. हे म्हणायचे, पुढच्या वर्षी. मग आजारपण. आणि आता निघाले ते मला इथे ठेवून. असं कुणी करतं का हो?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "मला फक्त एवढंच हवंय, की जिथे कुठे उतरतील तिथे एकटे नसावेत. पलंगावरून स्वतःहून उतरायची सवय राहिली नाहीये त्यांना."

मी म्हटलं, त्यांना पुढच्या खोलीत आणून बघू. शेजारचे चौघे बोलावले, पलंग उचलला, लाल रेघ ओलांडून अलीकडे आणला. काकांचा श्वास चालू होता, डोळे उघडे होते, नजर तशीच सरकत होती. पण संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, आवाज नाही. काकूंनी इतकं विचारलं, काही नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "परत न्या. आवाज तिकडेच राहिलाय." परत नेला. दुसऱ्या दिवशी कधीतरी काका म्हणाले, "मध्येच गाडी का थांबवली होती? माणसं कुरकुर करत होती." त्यानंतर कोणी हलवायचं नाव काढलं नाही.

आमचा मार्ग एका मोठ्या शहराच्या कडेला संपतो. तिथे शेवटचं स्टेशन, पुढे रूळ नाहीत, नुसती एक भिंत. काका त्या स्टेशनाला पोचले तेव्हा टेपराव आणि मी दोघंही मुद्दाम हजर होतो. काकांनी स्टेशन वर्णन करून सांगितलं. उंच छप्पर, खांबांची रांग, तेव्हा तर ते कागदावरही पूर्ण झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, पोचले एकदाचे.

आम्ही बूट घालून निघालो होतो आणि आवाज आला, "सगळे उतरले. मी बसलोय. गाडी पुढे चाललीय."

टेपराव नकाशाकडे बघायलाही तयार नव्हता.

त्यापुढचं मला फारसं आठवू नये असं वाटतं, पण आठवतं. काका सांगायचे, स्टेशनं येतात पण पाट्या कोऱ्या असतात. कोणी चढत नाही. ऊन तसंच असतं, ढळत नाही. बाहेर शेतं आहेत, पण त्यात काय लावलंय ते ओळखू येत नाही. हे सगळं ते मजेत सांगायचे, नवं गाव बघणाऱ्या माणसाच्या उत्साहात. आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा उशिरा यायचं. आधी अर्धा दिवस, मग दिवस, मग काकूंनी सोमवारी विचारलेलं बुधवारी.

साहेबांचे फोन सुरू झाले. "त्या एका खोलीपाशी तुमचं घोडं का पेंड खातंय? बाकीची गल्ली रिकामी झाली." मी आजारपणाचं कारण सांगून दिवस ढकलत होते.

एका सकाळी काकूंनी स्वतः मला फोन केला. मी धावत गेले. त्या पलंगाच्या कडेला बसून काकांचा हात धरून होत्या. चेहरा पांढरा पडलेला.

"ऐका, काय म्हणाले. 'प्लॅटफॉर्म दिसतोय. अगं, तू उभी आहेस की! मला घ्यायला आलीस?'"

मी पलंगापाशी गेले.

"मी इथे आहे ना," काकू म्हणाल्या. "मी तर इथे आहे."

मग त्या काकांच्या कानाशी गेल्या, लांबच्या फोनवर बोलतात तशा एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "अहो, मी घरी आहे. मी तिथे नाही. तिथे कोण उभंय?"

आणि गप्प बसल्या.

काका त्याच दुपारी गेले. नजर सरकायची थांबली, एवढंच. डॉक्टर आले, काकूंच्या बहिणीचा मुलगा आला, चार माणसं जमली, जे करायचं ते सगळं रीतसर झालं. मीही गेले होते. परत आल्यावर काकू कोणाशी न बोलता मागच्या खोलीत गेल्या आणि रिकाम्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसल्या.

मी चार दिवसांनी गेले तर तशाच बसलेल्या.

"काकू, आता निघायला हवं. पुढच्या घरात एकट्या कशा राहणार? बहीण वाट बघतेय."

"निघते ना. उत्तर यायचंय, ते आलं की लगेच निघते."

"काकू, काका आता..."

"मला कळतं हो बाई. मीच नाही का डोळे मिटले त्यांचे?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पण बोलणारा फोन ठेवून गेला तरी बोललेलं वाटेत असतंच. ते पोचतं. मला फक्त कळू दे, त्यांना कुणाच्या हाती सोपवलंय ते. मग तुमची खोली घ्या, पाडा, काय हवं ते करा."

मी साहेबांना सांगितलं, अजून एक आठवडा. साहेब ओरडले. आठवडा संपला, मी आणखी मागितला. तेव्हा ते ओरडलेही नाहीत, नुसतं म्हणाले, "यंत्र पाठवतोय. तुम्हाला जमत नसेल तर दुसरं कोणी येईल." दुसरं कोणी आलं असतं तर काकूंना हाताला धरून ओढलं असतं. म्हणून मीच गेले.

सकाळची वेळ होती. गल्लीत पाडायचं पिवळं यंत्र येऊन उभं राहिलेलं, चालक तंबाखू मळत होता. बहिणीच्या मुलाने टेंपोत सामान भरलं. काकूंना मात्र उठवेना. किती दिवस धड झोपल्या नव्हत्या देव जाणे, डोळे खोल गेलेले.

मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले. "काकू, तुम्ही गाडीत जाऊन बसा. मी इथे थांबते. शेवटच्या क्षणापर्यंत थांबते. आलंच काही, तर जसंच्या तसं तुम्हाला सांगेन."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग भिंतीचा आधार घेत उठल्या आणि एकदाही मागे न बघता बाहेर गेल्या.

आमच्या कामात एक नियम आहे, आणि तो चांगला आहे. घर पाडण्याआधी अधिकाऱ्याने स्वतः, एकट्याने आत जायचं आणि प्रत्येक खोलीत तीनदा हाक द्यायची. कधी कोणी म्हातारं कोपऱ्यात झोपलेलं असतं, कधी रागावून माळ्यावर लपलेलं पोर असतं. उत्तर आलं नाही, की बाहेर येऊन हात वर करायचा. मग यंत्र सुरू.

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. पलंग नेलेला होता. त्याच्या पायांचे चार डाग तेवढे जमिनीवर उरले होते.

"आत कोणी आहे का?"

थांबले.

"आत कोणी आहे का?"

बाहेर टेंपोचं दार आपटलं.

"आत कोणी आहे का?"

काही नाही. मी आणखी थोडी थांबले. मला वाटलं, बरं झालं. नाहीच आलं. काकूंना सांगू, नाही आलं.

मी वळले.

"अगं," काकांचा आवाज आला.

पलंग होता त्या जागेवरून, उशीच्या उंचीवरून. पण आता त्यात मजा नव्हती. आवाज दबका होता, शेजारी बसलेल्याला ऐकू जाऊ नये म्हणून बोलतात तसा.

"अगं, जवळून बघितलं. ती तू नाहीस."

मी जमिनीवरच्या त्या चार डागांकडे बघितलं.

"दिसते तुझ्यासारखीच. पण तू नाहीस. आणि हात धरलाय माझा. सोडत नाहीये."

एवढंच. पुढे काही आलं नाही.

मी बाहेर कशी आले मला माहीत नाही. काकू टेंपोत पुढच्या सीटवर बसल्या होत्या, काच खाली, मान बाहेर. मला बघताच त्यांनी काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, माझ्या तोंडावर दिसत असणार.

"आलं," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

माझ्या नोकरीत मी लोकांना पुष्कळ गोष्टी गोड करून सांगितल्या आहेत. इतक्या पटकन कधी नाही.

"म्हणाले, 'अगं, तूच आहेस. तूच तर उभी आहेस.'"

काकूंनी डोळे मिटले. इतके दिवस धरून ठेवलेला श्वास बाहेर पडला, आणि त्या एकदम खूप म्हाताऱ्या आणि खूप मोकळ्या दिसल्या. "असेन बाई," त्या म्हणाल्या. "माझ्यातलं काहीतरी गेलं असेल पुढे. हसून म्हणाले ना?"

"हसून म्हणाले."

टेंपो गल्लीबाहेर वळला. चालकाने माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला. खोली पडायला फार वेळ लागला नाही.

रूळ पडायला मात्र दीड वर्ष लागलं. काकू बहिणीकडे छान रमल्या. अधूनमधून मला फोन करायच्या, पाय दुखतात म्हणायच्या, माझ्या ह्यांची चौकशी करायच्या. एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांना शांत झोप लागते, असं बहिणीने सांगितलं होतं. मला वाटायचं, खोटं बोलून मी एक तरी काम धड केलं.

मार्गावरून पहिली चाचणीची गाडी जाणार होती. खात्याच्या माणसांना सोबत एखादा पाहुणा नेता येतो. मी काकूंना विचारलं. काकूंनी आयुष्यात लांबचा प्रवास म्हणून केला नव्हता. लहान मुलीसारख्या तयार होऊन आल्या, खिडकीची जागा पटकावली. जुने डबे होते, काच खालीवर करायच्या खिडक्या. टेपरावही होता, तो दाराजवळ उभ्या असलेल्या इंजिनिअर लोकांशी वाद घालत होता.

गाडी हलली. काकू हसल्या. "सुटलो बाई एकदाचे!"

गोदामांची रांग सुरू झाली. मग ती गल्ली जवळ आली. काकूंच्या घराचा उरलेला पुढचा भाग रुळांलगत उभा होता, मागच्या बाजूला नवी, अजून रंग न दिलेली भिंत. गाडी तिथे जरा हळू झाली. काकू त्या भिंतीकडे बघत होत्या, हात मांडीवर, ओठ मिटलेले.

खिडकीबाहेरून, अगदी जवळून, कोणीतरी बोललं.

"आहोत ना. आत आहोत. दोघं आहोत."

आवाज बाईचा होता. गोड, ठसठशीत, एकेक शब्द सुटा.

त्या रिकाम्या खोलीत मी विचारलेलं मला तेव्हा आठवलं. तीनदा विचारलं होतं.

"आहोत ना," पुन्हा आलं. आणि तिसऱ्यांदा, "दोघं आहोत."

डब्यात बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. टेपराव वळणाच्या मापाबद्दल काहीतरी सांगत होता. मला काकूंकडे बघायचा धीर होत नव्हता, तरी बघितलं. काकूंनी सावकाश हात लांब केला, काच खाली ओढून लावून घेतली आणि तिची खिटी नीट बसली का ते चाचपून पाहिलं.

मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "माझा आवाज बाहेरून असा ऐकू येतो होय?"